केंटकी रीळ : जीर्णोद्धार आणि पुरावा

गळाची दोरी गुंडाळण्याचे रीळ ही वरकरणी क्षुल्लक वस्तू होय. परंतु अमेरिकेतील केंटकी राज्यात एकोणिसाव्या शतकात घडविलेल्या रिळांच्या संग्रहातून जो प्रश्न उद्भवतो, तो वस्तूंना इतिहासाचे साधन मानणाऱ्या प्रत्येक अभ्यासकाचा आहे. जुनी वस्तू पूर्ववत् करताना तिच्यातील पुरावा कसा राखावयाचा, हा तो प्रश्न होय.

मूठ एकदा फिरविली असता दंतचक्रांच्या योगे फिरकीचे अनेक फेरे व्हावेत, ही युक्ती इंग्लंडात अठराव्या शतकातच माहीत होती. केंटकीतील पॅरिस गावचा घड्याळजी जॉर्ज स्नायडर याने एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभीच्या दशकांत अशी रिळे घडविली. पुढे फ्रँकफर्ट येथील जोनाथन व बेंजामिन मीक हे बंधू आणि बेंजामिन मायलम यांनी ही कला वाढीस लावली. मीक बंधूही घड्याळजीच होते. मुठीच्या एका फेऱ्यास फिरकीचे बहुधा ४ फेरे होत. आरंभी पितळ आणि पुढे जर्मन सिल्व्हर, म्हणजे तांबे, जस्त व निकेल यांचा मिश्रधातू, वापरण्यात येई.

या रिळांचा काळ केवळ नावावरून ठरविता येत नाही. मीक व मायलम यांची भागीदारी संपल्यावरही ते जोडनाव रिळांवर काही काळ कोरले जात होते. म्हणून अक्षरांची धाटणी, धातू आणि जोडकाम यांची एकत्रित साक्ष घ्यावी लागते. हाताने कापलेला स्क्रू आपल्याच छिद्रात नीट बसत असल्यामुळे पुष्कळ रिळांत स्क्रूवर व छिद्रालगत जुळणाऱ्या खुणा केलेल्या आढळतात. खुणा जुळल्या नाहीत, तर भाग बदलल्याचा संशय घेण्यास आधार मिळतो.

येथेच जीर्णोद्धाराची मर्यादा स्पष्ट होते. गोठलेले तेल रॉकेलने सोडविणे आणि खाचेत घट्ट बसेल अशा पेचकसाने स्क्रू काढणे, यांत पुरावा नष्ट होत नाही. उलट, यंत्रावर घासून चकाकी आणल्यास उथळ कोरीव अक्षरे झिजतात, आणि ती पुन्हा मिळत नाहीत. अमोनियायुक्त द्रावणाचा धोका निराळा आहे. ब्रिटिश अमदानीत हिंदुस्थानात पावसाळ्यात पागांजवळ साठविलेली पितळी काडतुसे तडकत असत. धातूत उरलेला ताण, दमटपणा आणि घोड्यांच्या मूत्रातून सुटणारा अमोनिया यांचा तो संयुक्त परिणाम असल्याचे १९२१ मध्ये दाखवून देण्यात आले. ठोकून वा वाकवून घडविलेल्या जुन्या पितळी भागांतही असा ताण शिल्लक असू शकतो.

तात्पर्य, रीळ फिरते करणे आणि रीळ नवे दिसविणे ही दोन भिन्न कार्ये होत. नवा भाग बसविणे अपरिहार्य असल्यास त्यावर वेगळी खूण करावी, मूळ भाग जपून ठेवावा आणि केलेल्या कामाची लेखी नोंद रिळासोबत असावी. असे न केल्यास आजची दुरुस्ती उद्याच्या अभ्यासकास मूळ कारागिराचे काम भासेल.