सांघिक प्रश्नमंजूषेतील प्रश्नाची घडण

दूरदूरच्या सभासदांना ऑनलाइन एकत्र आणून सांघिक प्रश्नमंजूषा घेण्याची प्रथा आता सर्वत्र रूढ झाली आहे. अशा खेळाचे यश सूत्रसंचालकाच्या वाक्चातुर्यावर अवलंबून असते, असा सामान्य समज आहे. वस्तुतः ते दोन भाषिक निर्णयांवर अवलंबून असते: प्रश्न कसा घडवावा आणि उत्तराचे कोणते रूप ग्राह्य मानावे. या दोन निर्णयांचे स्वरूप वसई तालुक्यातील गास व त्याच्या परिसरातील उदाहरणांच्या आधारे स्पष्ट करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

सांघिक प्रश्नोत्तरांचा खेळ आपणांस नवा नाही. कलगी-तुऱ्याच्या भेदिक लावणीत एका फडाने पौराणिक अथवा आध्यात्मिक कूट घालावे आणि प्रतिपक्षाने त्याचा उलगडा गाऊनच करावा, असा संकेत आहे. नव्या धर्तीची खुली प्रश्नमंजूषा भारतात नील ओब्रायन यांनी १९६७ साली कलकत्त्यातील ख्राइस्ट द किंग चर्चच्या सभागृहात सुरू केली. या दोन्ही प्रकारांत प्रश्नकर्त्यास उत्तर आधीच ठाऊक असते. जॉन सर्ल यांनी १९६९ साली खरा प्रश्न आणि परीक्षेचा प्रश्न असा जो भेद केला, त्यांपैकी हा दुसरा प्रकार होय. खऱ्या प्रश्नात विचारणाऱ्यास माहिती हवी असते. येथे त्याला पाहावयाचे असते ते समोरच्यास माहिती आहे की नाही, एवढेच. त्यामुळे प्रश्नातील संदिग्धतेचा सर्व दोष प्रश्नकर्त्याकडे जातो.

'वसईचा तह कोणत्या साली झाला?' हा प्रश्न वरकरणी निर्दोष दिसतो. परंतु गुजरातच्या बहादूरशहाने पोर्तुगीजांशी केलेला तह १५३४ चा आणि दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी केलेला तह १८०२ चा. तसेच 'सोपाऱ्याचा अशोकाचा शिलालेख कोणत्या साली सापडला?' असे विचारल्यास, भगवानलाल इंद्रजी यांना मिळालेला आठव्या लेखाचा तुकडा १८८२ चा, तर भुईगाव येथे मिळालेला नवव्या लेखाचा तुकडा १९५६ चा. दोन्ही प्रश्नांत अशी वस्तू एकच आहे, हे गृहीतक दडलेले आहे. स्ट्रॉसन यांनी १९५० साली दाखविल्याप्रमाणे, गृहीतक ढळले की विधान खोटे ठरत नाही, ते खरेखोटेपणाच्या कक्षेबाहेर जाते. अशा प्रश्नाला चुकीचे उत्तर देताच येत नाही. फक्त भांडण उपस्थित होते. गास कोणत्या जिल्ह्यात आहे, या प्रश्नाचे उत्तरही १ ऑगस्ट २०१४ पूर्वी ठाणे होते, त्यानंतर पालघर झाले. जन्मभर ठाणे जिल्हा लिहीत आलेल्या वृद्धास चूक ठरविण्यापूर्वी प्रश्नात 'आज' हा शब्द घातला होता काय, हे पाहावयास हवे.

मराठी वाक्यरचनेमुळे आणखी एक अडचण उद्भवते. इंग्रजीत प्रश्नवाचक शब्द बहुधा वाक्यारंभी येतो. मराठीत तो सामान्यतः क्रियापदाच्या निकट, म्हणजे वाक्याच्या शेवटाकडे असतो. सभागृहात ही रचना उत्कंठा वाढविते. ऑनलाइन खेळात मात्र कोणाचा आवाज उशिरा पोहोचतो, कोणाचा मध्येच तुटतो. आणि नेमका शेवट गळाला तर प्रश्नच गळाला. यास्तव 'साल विचारीत आहे' किंवा 'व्यक्तीचे नाव हवे आहे' असे प्रारंभी सांगून मग प्रश्न वाचावा व तो लेखी स्वरूपातही समोर ठेवावा. प्रथम बोलेल त्याला गुण, हा नियमही याच कारणाने येथे अन्याय्य ठरतो. प्रत्येक संघाला स्वतंत्रपणे विचारविनिमय करू द्यावा आणि ठराविक वेळात सर्वांकडून लेखी उत्तर घ्यावे, हे अधिक योग्य.

क्रियापदाचे लिंगही उत्तर फोडू शकते. '१९६१ च्या ग्वाल्हेर साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष कोण होत्या?' असे विचारताच 'होत्या' या एका शब्दाने बहुतेक सर्व नावे बाद होतात आणि कुसुमावती देशपांडे यांचे नाव सहज सुचते. 'अध्यक्षपद कोणी भूषविले?' या रचनेत क्रियापद कर्माला अनुसरते, म्हणून कर्त्याचे लिंग झाकलेले राहते. कठीण प्रश्नास दुसरी रचना आणि सोप्या प्रश्नास पहिली, असा विवेक सूत्रसंचालकाने ठेवावा.

आता उत्तराच्या रूपाविषयी. गासच्या परिसरात सामवेदी ब्राह्मण आणि कुपारी ख्रिस्ती या दोन्ही समाजांत सामवेदी अथवा कादोडी ही बोली बोलली जाते. तिच्या लेखनाचे प्रमाण मराठीसारखे सर्वमान्य नियम नाहीत. प्रमाण लेखनातील उत्तरच बरोबर, असा दंडक घातल्यास नातवाने टंकलिहिलेले उत्तर स्वीकारले जाईल आणि आजीने तोंडी सांगितलेला तोच शब्द अशुद्ध ठरेल. आजी पुढच्या वेळी खेळावयास बसणार नाही. खेळातील एक गुण जाणे क्षुल्लक होय. जाणता बोलणारा गप्प होणे क्षुल्लक नव्हे.

येथेच एका व्यावहारिक प्रश्नाचेही उत्तर मिळते. संगणकावर शोधून उत्तरे देणाऱ्यांना आवरावे कसे, ही अशा खेळांची नित्याची तक्रार आहे. सनावळ्यांचे प्रश्न क्षणात शोधता येतात. परंतु विहिरीवरील रहाटाच्या भागांना घरी काय म्हणत, केळीच्या बागेतील अमुक कामाला बोलीत कोणता शब्द होता, हे ज्ञान बव्हंशी माणसांच्या स्मरणातच असते. असे प्रश्न घातले म्हणजे संघाला वृद्धांकडे वळावे लागते आणि संघ हा शब्द सार्थ होतो. मात्र या प्रश्नांना छापील प्रमाण नसल्यामुळे, निरनिराळ्या घरांतील किमान दोन जाणत्यांकडून स्वतंत्रपणे शब्द पडताळून घ्यावा. दोघांनी भिन्न शब्द सांगितले तर दोन्ही ग्राह्य मानावेत व त्यांची नोंद ठेवावी.

ही नोंद खेळ संपल्यानंतरही उपयोगी पडते. कोणता शब्द किती संघांना आठवला, कोणत्या वयाच्या व्यक्तीने तो सांगितला, कोणता कोणालाच आठवला नाही, हे टिपून ठेवल्यास बोलीच्या अभ्यासकास क्षेत्रकार्याचा आरंभबिंदू मिळतो. सभासदांची संमती घेऊन आपल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी अशा खेळांचे सूत्रसंचालन अवश्य स्वीकारावे. प्रश्नावली घेऊन दारी आलेल्या संशोधकास जे शब्द मिळत नाहीत, ते प्रतिपक्षावर मात करण्याच्या भरात सहज ओठांवर येण्याचा संभव अधिक असतो.