केस वाढत नाहीत, की टिकत नाहीत?

‘काहीही लावा, माझे केस खांद्याखाली जातच नाहीत,’ ही तक्रार कुरळे केस असलेल्या मुलींकडून हमखास ऐकू येते. खरं तर केस महिन्याला साधारण १ सेंटीमीटर वाढतच असतात. पण खालून तेवढेच तुटले, तर लांबी दिसणार कुठून?

कुरळा केस प्रत्येक वळणावर नाजूक असतो. टाळूतलं तेल सरळ केसावरून सहज खाली उतरतं, वळणावळणाच्या केसावर मात्र ते टोकापर्यंत पोहोचत नाही. मग टोकं कोरडी पडतात, एकमेकांत अडकतात आणि कंगवा फिरवला की तुटतात. आफ्रिकन वंशाच्या बहुतेकांचे केस तर स्प्रिंगसारखे कुरळे. त्यावर त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या वापरलेला उपाय म्हणजे वेण्या. आज त्यांना ‘प्रोटेक्टिव्ह स्टाइल’ म्हणतात. टाळूला चिकटून घातलेल्या बारीक वेण्या म्हणजे कॉर्नरो, चौकोनी भांग पाडून घातलेल्या सुट्या वेण्या म्हणजे बॉक्स ब्रेड्स आणि दोन बटांचा पीळ म्हणजे ट्विस्ट. यात केसांची ओढाताण कमी होते, रोज विंचरावं लागत नाही. अमेरिकेत अशा केशरचनांवरून शाळेत, नोकरीत अडवणूक होत आली आहे. २०१९ मध्ये कॅलिफोर्नियाने त्याविरुद्ध कायदा केला आणि नंतर इतर अनेक राज्यांनीही.

आपली तीन पेडांची वेणी आणि अंबाडाही हेच काम करतात. फक्त एक गोष्ट सांभाळायची, ती म्हणजे ताण.

घट्ट वेणी जास्त दिवस टिकते खरी, पण ती मुळांना ओढत राहते. ‘दोन दिवसांत सैल होईल’ असं पार्लरमध्ये सांगतात, त्यावर विसंबू नका. वेणी घातल्यावर डोकं ठणकत असेल, मुळांशी बारीक पुटकुळ्या आल्या असतील, तर ती त्याच दिवशी सोडा. सतत ओढ बसली की कपाळावरचे आणि कानशिलांवरचे केस विरळ होऊ लागतात. याला ट्रॅक्शन अ‍ॅलोपेशिया म्हणतात. सुरुवातीलाच ताण थांबवला तर केस परत येतात, पण वर्षानुवर्षं तसंच चाललं तर ती जागा कायमची मोकळी राहू शकते. म्हणून शाळेत जाणारी लेक ‘आई, दुखतंय’ म्हणाली, तर वेणी सैल करा. शिस्तीपेक्षा तिचं कपाळ महत्त्वाचं!

वेण्या घालण्याआधी केस धुऊन, कंडिशनर लावून, रुंद दातांच्या कंगव्याने टोकाकडून वर असा गुंता सोडवावा. वेण्या असतानाही आठवड्या-दोन आठवड्यांनी टाळू धुवायचीच. पाण्यात पातळ केलेला शाम्पू भांगांवर ओतला की पुरे. नंतर केस आतपर्यंत वाळू द्या, ओलसर राहिले तर वास येतो. रात्री सॅटिनची टोपी किंवा उशीला सॅटिनचा अभ्रा घ्या. सुती कापडावर केस जास्त घासले जातात.

बॉक्स ब्रेड्स सहा ते आठ आठवड्यांपेक्षा जास्त ठेवू नका. गोव्याच्या किनाऱ्यावर हौसेने घालून घेतलेल्या बारीक वेण्याही परतल्यावर महिनोन्‌महिने मिरवायच्या नसतात. आणि सोडताना मूठभर केस हातात आले तर घाबरू नका. रोज ५० ते १०० केस गळणं स्वाभाविक आहे, ते इतके दिवस वेणीत अडकलेले असतात. आधी बोटांनी ते मोकळे करून घ्या, मगच डोक्यावर पाणी घाला, नाहीतर जटा होतात.