बोटीवर जाताना हातातली पिशवी



पावसाळा सरला, समुद्र निवळला, की मुंबईहून पर्यटनाच्या मोठ्या बोटी पुन्हा सुटू लागतात. हल्ली आपल्या रत्नागिरीतही कुणाच्या मुलाने आईबाबांच्या लग्नाच्या वाढदिवसाला गोव्याच्या किंवा लक्षद्वीपच्या क्रूझची तिकिटं काढलेली असतात, तर कुठे भिशीतल्या मैत्रिणी मिळून बेत ठरवतात. मग प्रश्न येतो, बॅगेत काय काय भरायचं? आपण सुरुवात करतो कपड्यांपासून. आज आम्ही सुरुवात करणार आहोत हातातल्या लहान पिशवीपासून, कारण बोटीवर खरी मदार तिच्यावरच असते.

तसा बोटीचा प्रवास आपल्याला नवा नाही. बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या बोटी भाऊच्या धक्क्याहून निघून हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी करत खाली गोव्यापर्यंत जात. बोट बंदराबाहेर उभी राही आणि माणसं पडावातून तिच्यापर्यंत जात. त्या काळच्या बायकांची बांधाबांध ठरलेली होती. वळकटी, ट्रंक, फिरकीचा तांब्या आणि हाताशी खाऊचा डबा. ट्रंक कुठेही जावो, तांब्या आणि डबा आपल्याजवळ, हा त्यांचा नियम. बोट बदलली, पण हा नियम अजून लागू आहे.

का, ते सांगतो. क्रूझला चढताना मोठी बॅग धक्क्यावरच आपल्याकडून घेतात. तिला आपल्या खोलीच्या नंबराची चिठ्ठी लावतात, ती यंत्रातून तपासतात आणि मग खोलीपर्यंत पोचवतात. यात दुपारची संध्याकाळ होऊ शकते. जेवणाआधी घ्यायची साखरेची गोळी त्या बॅगेत राहिली, तर काय कराल? बोटीवर दवाखाना असतो, डॉक्टरही असतात. पण तुमचीच नेमकी गोळी तिथे मिळेल, याची खात्री नसते. आणि भर समुद्रात कोपऱ्यावर औषधाचं दुकान नसतं.

म्हणून लहान पिशवीत पहिलं औषध. तीन दिवसांची सहल असेल तर निदान पाच दिवसांचं घ्या. हवा बिघडली तर बोटीला उशीर होतो. गोळ्या पाकिटातून सुट्या काढू नका, पट्टीसकट ठेवा आणि डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर घ्या. इन्सुलिन असेल तर थंड राहील अशा छोट्या पिशवीत ठेवा आणि खोलीत फ्रिज आहे का, ते आधीच विचारून घ्या. चष्मा, कवळीची डबी, कानाचं यंत्र हेही याच पिशवीत.

इथे एक सांगायचं आहे. घरातली बॅग बहुधा बाईच भरते. नातवाचा खोकल्याचा औषधापासून यजमानांच्या रक्तदाबाच्या गोळीपर्यंत सगळं तिच्या लक्षात असतं. राहते ती तिची थायरॉईडची गोळी, तिचा गुडघ्याचा पट्टा. म्हणून यादी करताना पहिलं नाव स्वतःचं लिहा. यात स्वार्थ नाही. बोटीवर तुम्ही आजारी पडलात, तर सगळ्यांचीच सहल खोलीत बसून होईल.

दुसरं म्हणजे कागद. तिकीट आणि ज्या ओळखपत्रावर ते काढलं ते मूळ ओळखपत्र जवळ हवं. तिकिटावरचं नाव आणि ओळखपत्रावरचं नाव जुळतं का, हे आठवडाभर आधी पाहा. माहेरचं नाव एकीकडे आणि सासरचं दुसरीकडे, असं आपल्यात सर्रास असतं. लक्षद्वीपला उतरायचं तर परवाना लागतो. तो कोण काढणार, हे तिकीट काढतानाच विचारा. बोट परदेशी बंदरात जाणार असेल, तर पासपोर्ट हवाच.

तिसरी गोष्ट, बोट लागण्याची तयारी. आपला कानाच्या आतला भाग तोल सांभाळतो. बोट हलते, ते त्याला कळतं. पण बंद खोलीत डोळ्यांना सगळं स्थिर दिसतं. दोन निरोप जुळत नाहीत, मेंदू गोंधळतो आणि मळमळ सुरू होते. त्यावर उपाय म्हणजे बाहेर मोकळ्यावर येऊन दूर क्षितिजाकडे पाहणं. खोली निवडता आली तर बोटीच्या मध्यावरची आणि खालच्या मजल्यावरची घ्या, तिथे हेलकावे कमी जाणवतात. पोट अगदी रिकामं ठेवू नका आणि तुडुंबही भरू नका. आलेपाकाच्या वड्या जवळ ठेवा. गोळी घ्यायची तर मळमळ सुरू होण्याआधी घ्यावी लागते, आणि तिने झोप येते. गरोदर बाई, लहान मूल, काचबिंदू असलेली वडीलधारी माणसं यांनी ती डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. एक जोड कपडेही याच पिशवीत असू द्या.

आता मोठी बॅग. कडक सुटकेसपेक्षा मऊ बॅग बरी, ती पलंगाखाली सरकवता येते, कारण खोल्या लहान असतात. डेकवर वारा जोराचा असतो, म्हणून साडीला पिना जास्त घ्या किंवा सरळ पंजाबी ड्रेस घाला. चपला रबरी तळव्याच्या हव्यात, डेक ओला असतो आणि काही दारांना उंच उंबरे असतात. खोलीच्या भिंती बहुधा लोखंडी पत्र्याच्या असतात. त्यांवर लोहचुंबकाचे हूक चिकटतात, तेव्हा पिशव्या आणि टॉवेल अडकवायला असे चार हूक घ्या.

काय नेऊ नये, हेही ऐका. इस्त्री, पाणी तापवायची किटली, मेणबत्ती, उदबत्ती, कापूर, निरांजन घरीच ठेवा. बोटीवर आगीसारखा शत्रू नाही, कारण पळायला रस्ता नसतो. रोजची पूजा तिथे हात जोडून करावी. घरचे लाडू-चकल्या चालतील का, हे कंपनीला आधी विचारा. बहुतेक ठिकाणी घरी केलेलं खाणं आत नेऊ देत नाहीत.

सॅनिटरी पॅड पुरेसे घ्या आणि वापरलेले कागदात गुंडाळून डब्यातच टाका. बोटीवरचे संडास हवेच्या ओढीवर चालतात. एक पॅड आत गेला तर आसपासच्या खोल्यांचेही संडास तुंबू शकतात. गरोदर असाल तर तिकिटाआधीच चौकशी करा. २४ आठवडे पूर्ण झाल्यावर बहुतेक कंपन्या घेत नाहीत.

किनारा दूर गेला की मोबाईलची रेंज जाते. त्यानंतर फोन बोटीवरच्या उपग्रहाच्या जाळ्याला जोडला गेला तर बिल भरमसाट येतं. म्हणून फोन फ्लाइट मोडवर ठेवा. महत्त्वाचे नंबर कागदावर लिहून पिशवीत ठेवा. बोटीचं नाव आणि परतीची तारीख घरी लिहून द्या.

बोटीवर गेल्यावर पहिलं काम जॅकेटच्या कवायतीचं. भोंगा वाजला की ठरलेल्या जागी जायचं, जॅकेट कसं बांधायचं ते पाहायचं. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली आणि ६०० हून अधिक माणसं गेली. कोकणाने ती आठवण अजून जपली आहे. १३ जानेवारी २०१२ ला इटलीजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया बोट खडकावर आदळली, ३२ जण दगावले. त्या दिवशी चढलेल्या प्रवाशांची कवायत अजून व्हायची होती. त्यानंतर नियम बदलला आणि २०१५ पासून कवायत बोट सुटण्याआधी किंवा सुटताच घ्यावी लागते. तेव्हा ती टाळून फोटो काढत बसू नका. मुलांच्या मापाचं जॅकेट खोलीत नसेल, तर लगेच मागून घ्या.

शेवटचं रत्नागिरीकरांसाठी. बोट गाडीची वाट पाहत नाही, आणि तिचं दार सुटण्याच्या बऱ्याच आधी बंद होतं. कोकण रेल्वेने त्याच दिवशी सकाळी पोचण्याचा हिशेब करू नका, आदल्या दिवशी मुंबईत मुक्काम करा. लक्षद्वीपहून परतताना बॅगेत पोवळ्याचा तुकडाही घालू नका, तिथली प्रवाळं कायद्याने संरक्षित आहेत.

मोठी बॅग कशी भरायची, ते तुम्ही जाणताच. लहान पिशवी मात्र आठ दिवस आधी काढा आणि तिच्यात पहिली आपली स्वतःची गोळी ठेवा.