ईनिस : दुसऱ्यांनी जिंकलेल्या लढायांचा राजा
लोखंडी सिंहासनाचे धनी : भाग २

मागच्या भागात आपण पहिल्या एगॉनच्या मृत्यूपाशी थांबलो होतो. एगॉनच्या अभिषेकाचा शक ३७ वा. ड्रॅगनस्टोनच्या किल्ल्यात, वेस्टेरॉसचा नकाशा कोरलेल्या प्रचंड मेजापाशी, तो नातवांना आपल्या स्वाऱ्यांच्या गोष्टी सांगत होता आणि सांगता सांगताच कोसळला. (वेस्टेरॉसमधली कालगणना एगॉनच्या राज्याभिषेकापासून सुरू होते. शिवराज्याभिषेक शक माहीत असलेल्या आपल्या वाचकांना ती लगेच समजेल.) सात राज्यांपैकी डॉर्न सोडून बाकी सगळी त्यानं एका सिंहासनाखाली आणली होती. ते सिंहासन आता तीस वर्षांच्या ईनिसकडे आलं.

जॉर्ज आर. आर. मार्टिन यांच्या ‘फायर अँड ब्लड’ (२०१८) या ग्रंथात ईनिसच्या वाट्याला फार थोडी पानं आली आहेत. हा ग्रंथ कादंबरी म्हणून लिहिलेला नाही. गिल्डेन नावाच्या एका काल्पनिक पंडितानं रचलेली ती राजघराण्याची बखर आहे, आणि बखरकाराला पराक्रमी किंवा क्रूर माणसं जास्त रंगवावीशी वाटतात. ईनिस यांपैकी कुणीच नव्हता. तरी पुढच्या अर्धशतकात जे जे बिघडलं, त्यातलं बरंच त्याच्या पाच वर्षांत पेरलं गेलं, असं माझं ठाम मत आहे.

जन्मतः तो अशक्त होता. तीन वर्षांचा असताना त्याची आई रेनिस डॉर्नच्या युद्धात ड्रॅगनसकट मारली गेली आणि पोर खंगत गेलं. पुढे क्विकसिल्व्हर नावाचं ड्रॅगनचं पिल्लू त्याला मिळालं, तेव्हा कुठे त्यानं जीव धरला. मोठेपणी तो देखणा, गोड गळ्याचा, लोभस तरुण झाला. दरबारात प्रत्येकाला तो आपलासा वाटे, कारण समोरच्याचं म्हणणं त्याला नेहमीच पटे. सावत्र भाऊ मेगॉर याच्या अगदी उलट. एगॉनच्या दुसऱ्या राणीचा, विसेनियाचा, हा मुलगा आडदांड, अबोल, तलवारीचा बहाद्दर आणि मनात डूख धरणारा. वडील गेल्यावर ईनिसनं त्यांची ‘ब्लॅकफायर’ ही तलवार आपणहून मेगॉरला दिली. ती पेलायला आपल्यापेक्षा तोच योग्य, असं त्याला वाटलं. भावाबद्दलचं हे प्रेम खरं होतं. पण ती तलवार राजसत्तेची खूण होती, आणि ती देताना आपण काय देतो आहोत याचा विचार त्यानं केला नाही.

मग एकामागून एक चार ठिकाणी बंड पेटलं. स्वतःला हॅरेन राजाचा नातू म्हणवणाऱ्या एका लुटारूनं, लाल हॅरेननं, हॅरेनहॉलचा किल्ला आतल्या माणसाच्या मदतीनं घेतला आणि तिथल्या सरदाराला हाल करून मारलं. राजाची माणसं पोचेपर्यंत तो रानात पसार झाला होता. व्हेलच्या डोंगरी मुलखात जोनोस अॅरिननं आपल्या भावाला, सरदार रॉनेलला, कैद करून स्वतःला राजा जाहीर केलं. लोह बेटांवर लोडोस नावाचा एक जण आपण समुद्रदेवाचा पुत्र असल्याचं सांगू लागला. डॉर्नच्या सरहद्दीवरच्या लाल डोंगरांत ‘गिधाडांचा राजा’ म्हणवणाऱ्या माणसाभोवती हजारो लोक जमले.

ईनिस गोंधळला. लोकांचं आपल्यावर प्रेम आहे, अशी त्याची समजूत होती. मग ही माणसं उठली कशासाठी? आधी त्यानं व्हेलारियन घराण्याच्या आरमारातून व्हेलवर फौज धाडायचं ठरवलं. मग मन फिरलं : फौज गेली आणि लाल हॅरेन राजधानीवर चालून आला तर? शेवटी सरदारांना बोलावून सल्लामसलत करायचं ठरलं.

व्हेलच्या सरदारांचा एरीचा किल्ला इतक्या उंचावर आहे की पायदळाला तो घेणं जवळपास अशक्य. पण ईनिसकडे ड्रॅगन होता. आणि एगॉनच्या स्वारीच्या काळात त्याच्याच घरात एक गोष्ट घडून गेली होती. विसेनिया आपल्या व्हेगार या ड्रॅगनवर बसून थेट एरीच्या अंगणात उतरली होती. तेव्हाचा राजा, लहानगा रॉनेल, ड्रॅगनवरून एक फेरी मारायला मिळेल का म्हणून हरखून गेला. ती त्याला घेऊन उडाली, आणि रक्ताचा थेंब न सांडता व्हेलचं राज्य एगॉनच्या पदरात पडलं. तोच रॉनेल आता मोठा होऊन भावाच्या कैदेत होता, आणि त्याचा राजा क्विकसिल्व्हरवर खोगीर घालायचं की नाही, याचा विचार करत होता. दयाळू असणं आणि वेळेत पोचणं यांचं काही वैर नसतं. विसेनियासारख्या कठोर बाईनं ते करून दाखवलं होतं. ईनिस मऊ होता म्हणून हरला, असं म्हणणारे हा प्रसंग विसरतात.

राजा थांबला, पण बाकीचे थांबले नाहीत. रूनस्टोनच्या अॅलार्ड रॉइसनं व्हेलमधल्या निष्ठावंतांची फौज जमवून जोनोसला एरीत कोंडलं. तेव्हा जोनोसनं रॉनेलला चंद्रद्वारातून खाली दरीत ढकलून दिलं. मग मेगॉर आला, एगॉनच्याच बॅलेरियन या ड्रॅगनवर बसून. किल्ल्यातल्या शिबंदीनं घाबरून जोनोसलाही त्याच दारातून लोटलं आणि शरणागती पत्करली. मेगॉरनं त्या सगळ्यांना फासावर चढवलं. लोडोसचं मुंडकं लोह बेटांचा सरदार गोरेन ग्रेजॉयनं खारवून राजधानीला पाठवलं. गिधाडांच्या राजाचा पाठलाग सरहद्दीवरच्या सरदारांनी केला आणि त्याला हाल करून मारलं. एगॉनचा जुना सेनापती, म्हातारा ऑरिस बॅराथियन, त्याच मोहिमेत जखमी होऊन परतीच्या वाटेवर वारला. लाल हॅरेनला राजाचा मुख्य प्रधान अॅलिन स्टोकवर्थनं गाठलं, पण त्यात त्याचाच जीव गेला. हॅरेनला शेवटी स्टोकवर्थच्या एका तरुण शागिर्दानं मारलं.

चार बंडं मोडली, पण एकही राजानं मोडलं नव्हतं. त्यामुळे बक्षिसं देताना त्याच्या हातात फारसं काही उरलं नव्हतं. ग्रेजॉयनं आपल्या बेटांवरून सात देवांच्या धर्माचे पुजारी हाकलायची परवानगी मागितली. राजानं दिली आणि धर्मपीठाचा राग ओढवून घेतला. मेगॉरला मुख्य प्रधान केलं. दोन वर्षं दोघा भावांनी मिळून कारभार पाहिला, आणि तो बराही चालला.

मग ३९ साली मेगॉरनं पहिली पत्नी सेरीस हयात असताना अॅलिस हॅरोवेशी दुसरं लग्न केलं. सेरीस महासेप्टनची, म्हणजे सर्वोच्च धर्मगुरूची, पुतणी होती. ईनिसनं भावापुढे दोन पर्याय ठेवले : अॅलिसला सोड, नाहीतर पाच वर्षं हद्दपारी. मेगॉर अॅलिसला घेऊन, ड्रॅगन आणि ब्लॅकफायरसकट, समुद्रापलीकडच्या पेंटॉसला निघून गेला. तलवार परत मागितली तेव्हा त्यानं, हिंमत असेल तर काढून घे, असं उत्तर दिलं. धर्मपीठाला खूश करायला राजानं मर्मिसन नावाच्या एका पुजाऱ्याला मुख्य प्रधान केलं.

एवढं करून ४१ साली याच राजानं आपली मुलगी रेना आणि मुलगा एगॉन यांचं एकमेकांशी लग्न लावलं. टार्गेरियन घराण्यात भावाबहिणीच्या लग्नांची रीत जुनी होती, पण धर्मपीठ चिडलेलं असताना असा मुहूर्त निवडायला विलक्षण हट्ट लागतो. कचरणारा माणूस नेहमीच कचरतो असं नाही. शंभर वेळा माघार घेतल्यावर एकदा तो असा अडून बसतो, आणि ती वेळ बहुतेकदा चुकीची असते. एगॉनला स्वतःचा ड्रॅगन नव्हता. बायको ड्रॅगनवर आणि नवरा घोड्यावर दिसायला नको, म्हणून ईनिसनं राज्याच्या दौऱ्यावर निघालेल्या रेनाला तिचा ड्रीमफायरही नेऊ दिला नाही.

महासेप्टननं राजाचा उघड धिक्कार केला. लग्न लावणाऱ्या मर्मिसनला धर्मातून काढलं, आणि पुढे पालखीतून जाताना धर्मपीठाच्या फकीर सैनिकांनी त्याला भर रस्त्यात तोडलं. राजवाड्याची भिंत चढून मारेकरी राजाच्या कुटुंबापर्यंत पोचले. एका अंगरक्षकामुळे सगळे वाचले. ईनिस बायकामुलांना घेऊन ड्रॅगनस्टोनला गेला. तिथं विसेनियानं सल्ला दिला : ड्रॅगन घेऊन निघ आणि धर्मपीठाची देवळं जाळ. तो त्यानं ऐकला नाही. नकार मला पटतो. धर्मपीठाचं ठाणं असलेल्या ओल्डटाउनच्या निरपराध माणसांवर आग ओतणं हा उपाय असू शकत नाही. पण त्या नकारानंतर काय करायचं, हे त्यानं ठरवलंच नाही. तडजोडीचा निरोप नाही, लग्नाबद्दल माघार नाही, दौऱ्यावर अडकलेल्या रेना-एगॉनला सोडवायला कुणी नाही. चार बंडांच्या वेळी त्याच्यासाठी धावलेल्या सरदारांमध्ये धर्माच्या विरुद्ध शस्त्र उचलायला फारसं कुणी तयार नव्हतं.

रेना आणि एगॉन क्रेकहॉलच्या किल्ल्यात वेढले गेल्याची बातमी आली आणि ईनिस कोसळला. तीन दिवसांनी तो गेला. शक ४२, वय पस्तीस. विसेनियानं विष घातलं अशी वदंता होती. बखरकारही ती नोंदवतो, पण तिच्यावर निकाल देत नाही.

विसेनिया व्हेगारवर बसून पेंटॉसला गेली आणि मेगॉरला घेऊन आली. वारशानं मुकुट एगॉनचा आहे, असं वृद्ध महापंडित गॉवेननं मेगॉरला तोंडावर सांगितलं. मेगॉरनं ब्लॅकफायरनं त्याचं शिर उडवलं आणि स्वतःच राजा झाला. पुढचा भाग त्याच्या सहा वर्षांचा.