टीव्ही चार बोटं सरकवून बघा

ऐन रंगात आलेला सिनेमा थबकतो आणि पडद्यावर ते गोल चक्र फिरायला लागतं. चिडण्याआधी एक हिशेब बघा. घरातला राउटर साधारण 0.1 वॅट ताकदीने लहरी सोडतो. शून्याच्या बल्बलासुद्धा याच्या कितीतरी पट वीज लागते. आता मोबाइलवर वाय-फायची ताकद दाखवणारं अ‍ॅप उघडा आणि मोबाइल टीव्हीजवळ धरा. उणे 60 दिसलं तर सिग्नल उत्तम आहे. पण उणे 60 म्हणजे किती? एका वॅटचा अब्जावा भाग! राउटरने सोडलेल्या ताकदीच्या दहा कोटी भागांपैकी फक्त एक भाग इथवर पोचला, आणि तेवढ्यावर अख्खा सिनेमा चालतोय.

बरं, तो एक भाग तरी सरळ वाटेने येतो का? छे! देवळाच्या गाभाऱ्यात घंटा वाजवली की नाद चहूकडून घुमत कानावर येतो, तशा या लहरी लोखंडी कपाट, आरसा, स्लॅबमधल्या सळ्या यांवर आपटत, वेगवेगळ्या वाटांनी टीव्हीकडे येतात. दोन लहरींचे उंचवटे एकत्र आले तर जोर वाढतो; एकीचा उंचवटा दुसरीच्या खळग्यावर पडला तर दोघी एकमेकींना पुसून टाकतात. 2.4 गिगाहर्ट्झच्या वाय-फायची लहर साडेबारा सेंटीमीटर लांब असते. तिची अर्धी लांबी जेमतेम चार बोटं. म्हणजे चार बोटांच्या आतच सिग्नल खणखणीत असू शकतो आणि अगदी क्षीणही! म्हणून पहिला उपाय फुकटचा आहे: टीव्ही थोडा सरकवा. तो भिंतीला ठोकलेला असेल तर राउटर सरकवा. लहरींची सगळी मांडणीच बदलते. राउटर टीव्हीच्या अगदी मागे मात्र नको, कारण तिथे टीव्हीतला धातूचा पत्राच आड येतो.

पण इतक्या प्रतिध्वनींच्या गलक्यातून टीव्हीला मूळ संदेश कळतो तरी कसा? याचं उत्तर कृष्णविवरांकडे नेतं! स्टीफन हॉकिंग यांनी 1974 मध्ये मांडलं की इवली कृष्णविवरं स्फोट होऊन नष्ट होत असावीत. जॉन ओ'सुलिव्हन हे ऑस्ट्रेलियन अभियंते त्या स्फोटांच्या रेडिओ-खुणा शोधायला निघाले. अवकाशातून येताना विस्कटलेले क्षीण संकेत पुन्हा नीट लावायचं गणित त्यात हाताशी होतं. खुणा काही सापडल्या नाहीत. पुढे 1990 च्या दशकात त्यांनी आणि सहकाऱ्यांनी त्याच गणिताच्या आधारे खोलीतल्या प्रतिध्वनींवर तोड काढली: माहितीचा एक वेगवान प्रवाह सोडण्याऐवजी अनेक संथ प्रवाह शेजारशेजारच्या कंपनांवर एकाच वेळी सोडायचे. पुढच्या वाय-फायमध्ये असे 52 उपप्रवाह आले. त्यांच्या दर दोन ठोक्यांमध्ये 0.8 मायक्रोसेकंदाची फट ठेवलेली असते. तेवढ्यात लहर 240 मीटर जाते, म्हणून घरातले प्रतिध्वनी त्या फटीतच विरतात. कृष्णविवरांच्या शोधातलं गणित दिवाणखान्यात कामी यावं, याहून सुंदर काय असेल?

आता स्वयंपाकघरात डोकवा. मायक्रोवेव्ह ओव्हन 2.45 गिगाहर्ट्झवर चालतो, म्हणजे वाय-फायच्याच पट्ट्यात! 1985 मध्ये अमेरिकेच्या दूरसंचार नियामकाने ओव्हनच्या गोंगाटाचा हा पट्टा विनापरवाना दळणवळणाला खुला केला आणि तिथूनच वाय-फायची वाट निघाली. ओव्हनच्या दारातून निसटणारा किंचितसा अंशही टीव्हीच्या त्या अब्जांशापुढे राक्षस ठरतो. तरी चित्र बऱ्याचदा टिकतं, कारण साधा ओव्हन विजेच्या प्रत्येक आवर्तनात निम्मा वेळ गप्प असतो: 10 मिलिसेकंद गोंगाट, 10 मिलिसेकंद शांतता. त्या शांततेत वाय-फाय आपला निरोप उरकतं! निरोप पोचल्याची पावती मिळाली नाही, तर तोच पुन्हा धाडतं.

अडथळा खुद्द टीव्हीच्या पाठीलाही चिकटलेला असू शकतो. यूएसबी 3.0 ची हार्ड डिस्क किंवा तिची वायर 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातच गोंगाट करते. ती काढून चित्र सुधारतंय का पाहा. टीव्हीत सोय असेल तर 5 गिगाहर्ट्झचं नेटवर्क निवडा. तिथे ओव्हन नाही आणि शेजाऱ्यांच्या राउटरची गर्दीही कमी. मात्र या लहरी भिंतींपुढे लवकर थकतात, तेव्हा टीव्ही आणि राउटर यांच्यात दोन भिंती असतील तर 2.4 चा पट्टाच बरा.

आणि टीव्ही जागचा हलणारच नसेल, तर माझ्या मते सरळ वायर जोडावी. कित्येक टीव्हींचं लॅन पोर्ट सेकंदाला 100 मेगाबिटचंच असतं, पण फोर-के सिनेमाला साधारण 25 मेगाबिट पुरतात. शिवाय वाय-फायवरचा टीव्हीचा भार उतरला, की घरातल्या मोबाइलना तेवढी मोकळी हवा मिळते.