ओव्हरक्लॉकिंग करताय? मग मे महिन्याच्या दुपारचा हिशोब आधी करा

रिसर्चची तयारी करणारी बरीच मुलं सिम्युलेशनसाठी घरचा डेस्कटॉपच वापरतात. एकेक रन दहा-बारा तास चालतो आणि मग कोणीतरी सुचवतं, "ओव्हरक्लॉक कर ना!" म्हणजे कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा प्रोसेसर जास्त वेगाने चालवायचा. करता येतं. पण तापमान आणि व्होल्टेज 'सेफ' आहे हे कशावरून ठरवायचं? "८० अंशांच्या आत ठेव, १.३५ व्होल्टच्या वर जाऊ नको" असे तयार आकडे सगळीकडे मिळतात. वाशिम जिल्ह्यातल्या आपल्या मालेगावात ते जसेच्या तसे का चालत नाहीत, ते बघू.

तापमान : फरक मोजा

प्रोसेसरवरचा पंखा खोलीतलीच हवा वापरतो. त्यामुळे लोड आणि पंख्याचा वेग तोच असेल तर प्रोसेसर आणि खोली यांच्या तापमानातला फरक साधारण तेवढाच राहतो. समजा, जानेवारीत खोली २० अंश आणि पूर्ण लोडवर प्रोसेसर ६८. फरक ४८. मे महिन्यात स्लॅबखालची खोली ४० वर गेली की तोच प्रोसेसर, काहीही न बदलता, ८८ वर.

आता ओव्हरक्लॉकिंग. प्रोसेसरची उष्णता साधारणपणे वेग गुणिले व्होल्टेजचा वर्ग या प्रमाणात वाढते. वेग १० टक्के आणि व्होल्टेज १० टक्के वाढवलं, तर १.१ × १.१ × १.१ = १.३३. म्हणजे उष्णता ३३ टक्के जास्त. फरक ४८ वरून ६४. जानेवारीत रीडिंग येईल ८४, सगळं ठीक वाटेल. मे मध्ये तोच हिशोब १०४ सांगतो!

कोअर आय७-१३७००के ची कमाल मर्यादा १०० अंश, रायझन ९ ७९५०एक्स ची ९५. मर्यादा आली की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो. म्हणजे एवढा खटाटोप करून हाती काही नाही. म्हणून वर्षातल्या सगळ्यात तापलेल्या दुपारी मर्यादेच्या १०-१५ अंश खाली राहील, असं सेटिंग धरा. आणि हो, कॅबिनेट कूलरच्या थेट झोतात ठेवू नका. दमट हवा आणि क्षाराचे थेंब बोर्डाला चांगले नाहीत.

व्होल्टेज : कोणतं?

इथे अनेकांचा गोंधळ होतो. भिंतीतल्या २३० व्होल्टचा चढउतार हा वेगळा विषय, तो स्टॅबिलायझर आणि यूपीएसचा. आपण बोलतोय ते कोअर व्होल्टेज, साधारण एक-सव्वा व्होल्टच्या आसपासचं. एचडब्ल्यूइन्फोमध्ये 'व्हीआयडी' आणि 'व्हीकोअर' असे दोन आकडे दिसतील. पहिला म्हणजे प्रोसेसरने मागितलेलं व्होल्टेज, दुसरा म्हणजे बोर्डाने मोजलेलं. नोंद दुसऱ्याची करा आणि तीही पूर्ण लोड असताना. बायॉसमध्ये व्होल्टेज 'ऑटो'वर ठेवून वेग वाढवला तर बोर्ड गुपचूप जास्त व्होल्टेज देऊ शकतो.

तापमान ठीक म्हणजे व्होल्टेजही ठीक, असं नाही. २०२३ मध्ये काही रायझन ७००० प्रोसेसर जळाल्यावर एएमडीने एसओसी व्होल्टेजला १.३ व्होल्टची मर्यादा घातली. २०२४ मध्ये इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीतले काही प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होते आणि त्यामुळे कायमचे खराब होत होते. इंटेलने मायक्रोकोड अपडेट दिलं, पण झालेलं नुकसान त्याने भरून येत नाही. म्हणून दुसऱ्या पिढीच्या प्रोसेसरचा आकडा उचलू नका आणि बायॉस अपडेट ठेवा.

तपासायचं कसं?

१. मूळ सेटिंगवर प्राइम९५ अर्धा तास चालवा. खोलीचं तापमान, प्रोसेसरचं तापमान, व्हीकोअर आणि वेग वहीत लिहा.

२. व्होल्टेज न बदलता वेग १०० मेगाहर्ट्झने वाढवा. पुन्हा तेच मोजा.

३. चूक आली तरच व्होल्टेज ०.०१-०.०२ ने वाढवा. फरक झपाट्याने वाढायला लागला की थांबा.

४. शेवटी स्वतःचा प्रोग्राम चालवा. तोच इनपुट, तोच रँडम सीड, एकच थ्रेड. एकदा मूळ वेगावर, एकदा वाढवलेल्या. दोन्ही आउटपुट फाइल्स तंतोतंत जुळल्या पाहिजेत. (अनेक थ्रेड असतील तर बेरजेचा क्रम बदलून शेवटचे अंक तसेही बदलू शकतात.) लिनक्सच्या लॉगमध्ये 'मशीन चेक'ची नोंद दिसली, तर ते सेटिंग बाद.

ही चौथी पायरी संशोधकाने कधीच सोडू नये. गेम खेळताना अस्थिर प्रोसेसर फार तर गेम बंद पाडेल. सिम्युलेशनमध्ये तो एखादा आकडा चुकवून पुढे चालत राहू शकतो. स्क्रीनवर काहीच दिसत नाही, आणि तो आकडा थेट थिसिसच्या तक्त्यात जाऊन बसतो.

मिळतं काय, तेही मोजा. वेग १० टक्क्यांनी वाढला तर दहा तासांचा रन साधारण नऊ तास पाच मिनिटांत होतो. त्या ५५ मिनिटांसाठी ३३ टक्के जास्त उष्णता परवडते का, हे तुमच्या खोलीतला थर्मामीटर बघून ठरवा. आणि थंडीत जमवलेलं सेटिंग एप्रिल लागला की पुन्हा पहिल्यापासून तपासा.