शेवटचं षटक आणि पिलबाग

शेवटच्या षटकात बारा धावा हव्या असल्या की खानदेशातल्या यावल-फैजपूरकडच्या टेनिस बॉल स्पर्धेत एकच आरोळी उठते, ‘त्याला स्ट्राइक द्या!’ ‘त्याला’ म्हणजे कोणाला, हे कोणी विचारत नाही. असा एक जण प्रत्येक गावात असतो. एरवी साधा खेळतो, पण सामना अडकला की त्याच्या अंगात काहीतरी येतं, असं सगळे छातीठोकपणे सांगतात. दोन-तीन सामन्यांचे दाखलेही तयार असतात. त्याच्या हातून गेलेले सामने मात्र कोणाला चटकन आठवत नाहीत.

महाराष्ट्राच्या आठवणीतला असा ‘तो’ म्हणजे हृषीकेश कानिटकर. 18 जानेवारी 1998, ढाका. पाकिस्तानने 48 षटकांत 314 धावा केलेल्या आणि तोवर एकदिवसीय सामन्यात एवढ्या धावांचा पाठलाग कोणीही केलेला नव्हता. सौरव गांगुलीने 124 आणि रॉबिन सिंगने 82 धावा काढल्या. उजेड कमी होत गेला. शेवटी दोन चेंडूंत तीन धावा उरल्या. गोलंदाज सकलेन मुश्ताक, समोर पुण्याचा हा डावखुरा. त्याने चौकार मारला आणि एक चेंडू राखून भारत जिंकला.

त्या चौकारावर कानिटकर आजही ओळखला जातो. पण तो भारताकडून एकूण 34 एकदिवसीय सामने खेळला आणि त्याची सरासरी 18 च्याही आत राहिली. प्रथम श्रेणीत दहा हजारांवर धावा, राजस्थानला कर्णधार म्हणून मिळवून दिलेला रणजी करंडक, ही खरी कमाई वर्षानुवर्षांची. लोकांच्या ध्यानात राहिला तो एक चेंडू. मग त्या चेंडूवर दिसलं ते काय होतं? दडपणात खेळ उंचावण्याची वेगळी कला, की चांगल्या फलंदाजाला योग्य वेळी लागलेला एक चांगला फटका?

या प्रश्नाचा सर्वांत जास्त काथ्याकूट अमेरिकेत, बेसबॉलच्या निमित्ताने झाला. तिथे अशा खेळाडूला ‘क्लच हिटर’ म्हणतात. आपल्याकडे क्लच म्हटलं की मोटारसायकल आठवते, तेव्हा आपण ‘अडीनडीचा फलंदाज’ म्हणू. हिशेबासाठी बेसबॉल सोयीचा, कारण तिथे फलंदाजीचा क्रम ठरलेला असतो. संघात खेळणाऱ्या ‘त्याला’ क्रम मोडून मुद्दाम वर पाठवता येत नाही. आणि दहापैकी तीन वेळा यशस्वी फटका मारणारा तिथे उत्तम गणला जातो.

थोडं गणित करू. असे शंभर फलंदाज घ्या, सगळे अगदी सारखे, प्रत्येकाची यशाची शक्यता दहात तीन. हंगामात प्रत्येकाला अडीअडचणीच्या चाळीस संधी मिळतात असं धरा. प्रत्येकाकडून बारा यशस्वी फटके अपेक्षित. पण नाणेफेकीसारखा नुसता योगायोग चालू दिला, तरी साधारण वीस जण पंधरा किंवा त्याहून जास्त फटके मारतील. त्यांची कामगिरी चाळीसात पंधरा, म्हणजे 0.375, वर्तमानपत्रं त्यांना वीर म्हणतील. तेवढेच जण नऊवर किंवा त्याखाली अडकतील आणि त्यांना ‘ऐन वेळी हातपाय गाळतो’ हा शिक्का बसेल. पुढच्या वर्षी वीरांपैकी चारेक जण पुन्हा वीर ठरतील, त्यांतला एखादा तिसऱ्या वर्षीही. त्याच्यावर पुस्तक निघेल. आपण तर सुरुवातीलाच सगळ्यांना सारखं धरलं होतं!

यावल-फैजपूरच्या केळी उत्पादकाला हे समजावून सांगायची गरज नाही. टिश्यू कल्चरच्या ग्रँड नैनची बाग म्हणजे सगळी रोपं एकाच वाणाची, जवळपास एकमेकांच्या नकला. तरी कापणीला एक घड वीस किलोचा निघतो, दुसरा तीसचा. ठिबकची नळी, जमिनीचा एखादा कसदार तुकडा, वारा, बांधाची कड, कारणं पन्नास. तीस किलोचा घड देणाऱ्या खोडाला ‘हे खोडच वेगळं’ म्हणून कोणी हार घालत नाही. त्याचं पील, म्हणजे बुंध्यातून फुटणारं रोप, ठेवतात आणि त्या पिलांच्या बागेत, पिलबागेत, पुन्हा तेवढाच घड येतो का ते बघतात. नाही आला, तर ते वजन खोडाचं नव्हतं.

बेसबॉलची पिलबाग 1977 मध्ये आकडेतज्ज्ञ डिक क्रेमर यांनी तपासली. 1969 च्या हंगामात अडीनडीला चमकलेले फलंदाज 1970 मध्येही तसेच चमकले का, एवढाच त्यांचा प्रश्न. उत्तर नकारार्थी आलं. पहिल्या वर्षीच्या चमकेवरून दुसऱ्या वर्षीचा काही अंदाज बांधता येत नव्हता.

1977 च्याच ऑक्टोबरमध्ये रेजी जॅक्सनने वर्ल्ड सिरीज या अंतिम मालिकेच्या एका सामन्यात तीन वेगवेगळ्या गोलंदाजांच्या तीन चेंडूंवर तीन होमरन मारले. ‘मिस्टर ऑक्टोबर’ हे नाव त्याला कायमचं चिकटलं. वर्ल्ड सिरीजमधली त्याची सरासरी 0.357, एकूण कारकिर्दीतली 0.262. इथे कोणीही म्हणेल, पुरावा मिळाला. पण वर्ल्ड सिरीजच्या आधीची फेरीही ऑक्टोबरमध्येच होते, दडपणही कमी नसतं, आणि तिथे त्याची सरासरी होती 0.227. म्हणजे महिना तोच आणि माणूसही तोच.

क्रेमर यांच्या निष्कर्षाला सगळ्यात प्रामाणिक उत्तर दिलं बिल जेम्स यांनी. हा माणूस बेसबॉलच्या आकडेशास्त्राचा आद्यपुरुष, स्वतः अनेक वर्षं क्रेमर यांच्याच बाजूचा. 2004 मध्ये त्यांनी लिहिलं की आपली पद्धतच अपुरी होती. इतक्या थोड्या संधींतून इतका बारीक गुण दिसणारच नाही. धुक्यात माणूस दिसला नाही याचा अर्थ तिथे माणूस नाही असा होत नाही. पुढे 2006 मध्ये टॉम टँगो आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी बराच मोठा विदा चाळून सांगितलं की हा गुण आहे, पण अगदी कणभर. इतका लहान की त्यावरून संघ निवडायला बसू नये. चांगला फलंदाज पाठवा म्हणजे झालं.

क्रिकेटमध्ये घोळ आणखी वाढतो. महेंद्रसिंह धोनीची एकूण एकदिवसीय सरासरी 50.57, पण यशस्वी पाठलागांतली सरासरी शंभरच्या वर. हा आकडा कट्ट्यावर हुकमी पान म्हणून टाकला जातो. पण त्यातला ‘यशस्वी’ हा शब्द बघा. आपण निकाल लागल्यावर सामने निवडले! धोनी लवकर बाद झाला आणि भारत हरला, तर ती खेळी या खात्यात येतच नाही. जिंकेपर्यंत टिकला तर तो नाबाद, म्हणजे सरासरीच्या भागाकारात बाद होणं वाढत नाही. 2 एप्रिल 2011 चा वानखेडेवरचा, विश्वचषक जिंकून देणारा षटकार या खात्यात आहे. 10 जुलै 2019 ला मँचेस्टरमध्ये विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात गप्टिलच्या थेट फेकीवर 50 धावांवर धावबाद झालेला धोनी नाही. धोनी थोरच. फक्त त्याचं थोरपण या आकड्याने सिद्ध होत नाही.

उलट शिक्का सचिनच्या नशिबी आला. ‘सचिनने शतक केलं की भारत हरतो’ हे वाक्य नव्वदीच्या दशकात खानदेशातल्या एसटीतही ऐकू यायचं. त्याला हुकमी दाखला मिळाला जानेवारी 1999 च्या चेन्नई कसोटीत. पाकिस्तानविरुद्ध 271 हव्या होत्या, दुखऱ्या पाठीने सचिन 136 पर्यंत गेला, बाद झाला तेव्हा 17 धावा आणि तीन गडी बाकी. उरलेल्या तीन गड्यांत मिळून चार धावांची भर पडली आणि 12 धावांनी पराभव झाला. दोष कोणाच्या माथी आला, ते सांगायला नको. एकदिवसीय सामन्यांत मात्र त्याच्या 49 शतकांपैकी 33 विजयी सामन्यांतली आहेत. स्पर्धांच्या अंतिम सामन्यांत त्याची सरासरी 54 च्या आसपास, कारकिर्दीची 44.83. यावरून सचिनला ‘अडीनडीचा वीर’ म्हणायचा मोह मला होतो, पण मग पिलबागेचा नियम त्यालाही लावावा लागेल.

दडपण असं काही नसतंच, असा याचा अर्थ नाही. मानसशास्त्रज्ञ सायन बायलॉक यांच्या प्रयोगांत कसलेल्या गोल्फपटूंना चेंडू ढकलताना स्वतःच्या हालचालीवर लक्ष ठेवायला सांगितलं, तेव्हा त्यांचा खेळ बिघडला. मुरलेली कृती आपोआप होत असते. मनगट कसं वळतंय याचा विचार सुरू झाला की ती अडखळते. जिना उतरताना पायांकडे लक्ष द्या, लगेच कळेल. दडपणात उंचावणं सापडणं अवघड, पण कोसळणं प्रयोगशाळेतही घडवता येतं.

मग मोठ्या खेळाडूंमध्ये फरक एवढा कणभर का? मला पटणारं कारण चाळणीचं आहे. जो हमखास कोसळतो तो तालुक्यालाच गळतो, उरलेला जिल्ह्याला, मग रणजीच्या निवडीत. वानखेडेपर्यंत पोहोचतात ते सगळे दडपण पचवलेलेच. त्यांच्यात या गुणाचा फरक शोधणं म्हणजे डॉक्टरांच्या परिषदेत साक्षरता मोजणं. एवढी चाळण लागूनही शिक्के चुकतात ते वेगळंच. 1986 मध्ये शारजात मियांदादचा शेवटच्या चेंडूवरचा षटकार खाल्लेला चेतन शर्मा पुढच्याच वर्षी नागपूरला विश्वचषकातली पहिली हॅट्ट्रिक घेऊन गेला.

ही चाळण खरी असेल, तर अडीनडीचा गुण शोधायची जागा चुकली आहे. चाळणीच्या आधीचे खेळाडू हवेत, कोसळणारे आणि न कोसळणारे अजून एकाच मैदानावर असलेले. म्हणजे यावलच्या त्या टेनिस बॉल स्पर्धेतले. फरक असलाच तर तिथे ढळढळीत दिसेल आणि ‘त्याला स्ट्राइक द्या’ म्हणणारी मंडळी कदाचित अमेरिकन आकडेतज्ज्ञांपेक्षा बरोबर ठरतील. त्यासाठी पाच-सात हंगामांचे धावफलक लागतील, चेंडूगणिक लिहिलेले. पण गावच्या स्पर्धेचा स्कोअर शाळेच्या शंभरपानी वहीत लिहितात, आणि बक्षीस समारंभ झाला की ती वही कोणाच्या घरी गेली, हे दुसऱ्या दिवशीसुद्धा कोणाला सांगता येत नाही.